पोटातला वारा आणि कोहंचा सूर

न्यायशास्त्राने आत्म्याच्या बाजूने जे साक्षीदार उभे केले, त्यांत एक तान्हं बाळ आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात वाद चालला आहे तो देहाच्या आधी आत्मा होता की नाही, याचा. नैयायिक म्हणतो, नुकतंच जन्मलेलं बाळ हसतं, दचकतं, रडतं. या जगात त्याने अजून काहीच पाहिलेलं नाही. मग भ्यायचं कशाला, हे त्याला कळतं कसं? आधी कधीतरी भोगल्याशिवाय हे व्हायचं नाही. म्हणजे मागचा जन्म आला आणि त्याच्या पाठोपाठ आत्माही आला. प्रतिवादी सहजासहजी ऐकणारा नाही. कमळही उमलतं नि मिटतं, असं तो सुनावतो. त्याला काय मागचा जन्म आठवतो? बाळ दुधाकडे झेपावतं म्हणून पूर्वजन्म मानायचा, तर लोखंड चुंबकाकडे झेपावतं त्याचं काय? नैयायिक त्यालाही उत्तर देतो, कमळाच्या उमलण्याला ऊन, थंडी, पाऊस ही कारणं आहेत म्हणतो आणि वाद रंगत जातो. ज्याच्या रडण्यावरून हे सगळं चाललं आहे, त्याला मात्र त्या सूत्रांत कुणी उचलून घेत नाही.

उचलून घ्यायची वेळ रात्री दोनला येते. बाळ पाच-सहा आठवड्यांचं. दिवेलागणीपासून कुरकुर चालू होती, आता किंचाळणं. मुठी आवळलेल्या, चेहरा लालबुंद, गुडघे पोटाशी घेतलेले, पोट टम्म. अंगावर घ्यावं तर दोन घोट पिऊन मान फिरवतं. लंगोट कोरडा आहे, अंग गरम नाही, दुपट्यात मुंगीही सापडत नाही. घरातली वडीलधारी बाई पोटावर हात ठेवून निदान करून मोकळी होते: वारा धरलाय.

योगायोग असा की बाळाच्या पहिल्या दुःखाचा आरोप आपल्या परंपरेतही वाऱ्यावरच आहे. गर्भोपनिषदात नवव्या महिन्यातल्या गर्भाला आपले सगळे मागचे जन्म आठवतात. किती आयांचं दूध प्यालो, किती वेळा जन्मलो नि मेलो, याचा हिशेब तो मांडतो आणि इथून सुटलो तर मोक्षाचीच वाट धरीन, असं ठरवतो. मग तो चेंगरत, पिळवटत बाहेर येतो. ‘वैष्णव’ नावाचा वायू त्याला शिवतो आणि ती सगळी आठवण पुसली जाते. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात हाच धागा मराठीत आणला. गर्भात ‘सोहं’ म्हणणारा जीव बाहेर पडताच ‘कोहं’ म्हणू लागतो. मराठी घरांत बाळाच्या पहिल्या ट्यँहँचा अर्थ असा लागला: मी कोण? एका वाऱ्याने स्मृती नेली. दीड महिन्याने दुसरा वारा पोटात अडकून बसला.

पहिल्या वाऱ्याबद्दल ग्रंथ बोलतात. दुसऱ्याबद्दल बोलतात त्या आज्या. या दोघांच्या मधोमध एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. ज्याने अजून काही केलेलंच नाही, त्याला दुखावं का?

या प्रश्नाचं सर्वांत कडक उत्तर उत्तर आफ्रिकेतून आलं. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने ३९७ ते ४०० च्या सुमारास ‘कन्फेशन्स’ लिहिलं. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातलं बंदराचं गाव. या पुस्तकाच्या पहिल्याच भागात तो स्वतःच्या तान्हेपणाचा झाडा घेतो. ते काही त्याला आठवत नाही. इतर बाळांना पाहून आपणही असेच असणार, असं तो धरून चालतो. बाळं हट्टाने रडतात, आपल्याला हवं ते मोठ्यांनी केलं नाही की चिडतात. एकाच दाईचं दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे अजून बोलताही न येणारं एक बाळ पांढरंफटक पडून जळजळीत नजरेने पाहत होतं, हे आपण पाहिलं आहे, असं तो नोंदवतो. त्याच्या मते बाळ निरुपद्रवी असतं ते हातापायांत बळ नसतं म्हणून, मन शुद्ध असतं म्हणून नव्हे. ऑगस्टीन ब्रह्मचारी होण्याआधी, विशीही उलटली नसताना, बाप झाला होता. मुलाचं नाव आदेओदातस. तेव्हा रात्रीचं रडणं त्याने नुसतं पुस्तकात वाचलं नव्हतं.

पुढे म्हातारपणी एक्लानमच्या ज्युलियन नावाच्या बिशपाशी त्याचा मोठा वाद झाला. न्यायी देव बाळाला शिक्षा करील का, असा ज्युलियनचा सवाल होता. ऑगस्टीनने तो उलटा फिरवला. बाळं दुःख भोगतात हे तर उघड आहे. देव न्यायी आहे हेही पक्कं. मग ते दुःख विनाकारण असूच शकत नाही. पहिल्या माणसाचं, आदामाचं, पाप बाळाच्या वाट्याला आलेलं असलंच पाहिजे.

हा युक्तिवाद मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावर पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आक्षेप येतो. एक सुखात जन्मतो, एक दुःखात, असं का? सूत्राचं उत्तर असं, की ईश्वर प्राण्यांची कर्मं पाहून फळ देतो. शंकराचार्य भाष्यात पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण भाताचं बी भात देतं आणि जवाचं जव. आदामाचं पाप आणि पूर्वजन्मीचं कर्म या दोन कल्पनांत अंतर फार आहे, पण चौकटीचा आकार एकच. देवाच्या न्यायाला बाध येऊ नये म्हणून जुनं खातं उघडायचं आणि बाकी बाळाच्या नावावर दाखवायची.

घरातल्या स्वयंपाकघरात हेच खातं आईच्या नावावर निघतं. बाळ रडलं की बाळंतिणीच्या ताटाची चौकशी होते. वांगं खाल्लंस का, हरभऱ्याची डाळ खाल्लीस का, डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी बसलीस का? दोन दिवसांत तिच्या ताटात मऊ भात आणि मेथीची खीर एवढंच उरतं. बाळ रडतच असतं. काही थोड्या बाळांना आईच्या आहारातल्या गाईच्या दुधाच्या प्रथिनाची खरोखरच अॅलर्जी असते आणि डॉक्टर ती तपासतात. पण बहुतेक घरांतली ही झडती वैद्यकाची नसते. दुःखाला कारण हवंच, आणि कारण म्हणजे कुणाचा तरी दोष, हा हिशेब इथेही चालू असतो.

रामदास इथे वेगळे उठून दिसतात. दासबोध वैराग्यपर ग्रंथ. जन्म हेच दुःखाचं मूळ, हे त्याला पटवायचं आहे. परंतु तिसऱ्या दशकाच्या दुसऱ्या समासात, संसाराची दुःखं एकामागून एक मांडण्याआधी, ते क्षणभर तान्ह्यापाशी थांबतात. बाळाची कातडी कोवळी, जराशा दुःखाने ते तळमळतं आणि सांगायला वाचा नाही. भूक लागली असेल, अंगात काही दुखत असेल, ते आक्रंदतं. पण आत काय चाललंय ते बाहेरच्याला उमगत नाही. आई वरून कुरवाळते, कडेवर घेऊन समजावते. वेदना आत आहे आणि हात बाहेर आहे.

वारकरी संतांच्या वाणीत आई म्हणजे सगळं न सांगता कळणारी माउली. देवाला आई म्हणायचं ते त्याचसाठी. लेकराने मागण्याआधी तिला ठाऊक असतं. लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेल्या रामदासांना मात्र दिसली ती न कळणारी आई. तिच्या मायेत काही उणं नाही आणि तरी तिला कळत नाही. दुसऱ्याची वेदना आपल्याला थेट कधीच जाणता येत नाही, हा प्रश्न आज तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘परचित्ताचा प्रश्न’ म्हणून शिकवला जातो. कडेवरच्या बाळाच्या रूपाने तो सतराव्या शतकातल्या मराठीत चार-पाच ओव्यांत आलेला आहे.

न कळण्यावर उपाय म्हणून कुणी पाप काढलं, कुणी कर्म काढलं, कुणी भूतबाधा. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बाळांना पछाडणारे नऊ ग्रह आहेत. स्कंद, शकुनी, रेवती ही नावं त्यांत आहेत आणि कृष्णकथेतून घराघरांत पोचलेली पूतनाही आहे. आजही तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात, त्यामागे हीच जुनी शंका आहे की रडण्याचा धनी बाहेरून आलेला आहे.

पण त्याच आयुर्वेदाच्या एका ग्रंथाने दुसरी वाट धरली. काश्यपसंहिता हा बालरोगांचा ग्रंथ, आज उपलब्ध आहे तो नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून. त्यात वृद्धजीवक नावाचा शिष्य काश्यपाला विचारतो, की ज्यांना बोलता येत नाही त्या बाळांच्या वेदना वैद्याने ओळखायच्या कशा? उत्तरादाखल एक अख्खा अध्यायच आला, वेदनाध्याय. डोकं दुखत असेल तर बाळ काय करतं, कान दुखत असेल तर काय, याची एकेक खूण. पोटात शूळ असेल तर बाळ स्तन सोडून देतं, रडतं, उताणं होऊन अंग टाकतं, पोट ताठ नि गार लागतं, तोंडावर घाम येतो. इथे मागच्या जन्माचं खातं उघडलेलं नाही. बाळाकडे पाहायचं आणि जेवढं दिसतं तेवढं लिहून ठेवायचं. रात्री दोनला पोटावर हात ठेवणारी आजी नकळत हाच अध्याय चालवत असते.

तिचे उपायही बघण्यासारखे आहेत. बेंबीभोवती हिंगाचा लेप. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलेला. सहाणेवर उगाळलेली गुटी: हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ आणि मुरुडशेंग. मुरुडशेंगेचा आकार मळसूत्रासारखा पिळदार. पोटात पीळ पडला तर पीळ पडलेली शेंग द्यावी, अशी रूपावरून गुण ओळखण्याची ही जुनी रीत. बाळंतिणीला जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा. याच शेपाच्या जातीची वनस्पती इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड नावाच्या औषधविक्याच्या बाटलीत गेली. शेपाचा अर्क, खाण्याचा सोडा, साखर आणि थोडं अल्कोहोल. ‘ग्राइप वॉटर’ हे नाव त्याने १८७६ मध्ये नोंदवलं. अल्कोहोल नंतर काढून टाकण्यात आलं, पण बाटली भारतात अशी रुजली की तिच्या जाहिरातीत आई, आजी आणि पणजी एकीला एक सांगू लागल्या, ‘तू लहान असताना मी तुला हेच दिलं होतं.’

डॉक्टरांचा सल्ला आज वेगळा आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात गुटीही आली, ग्राइप वॉटरही आलं. तेव्हा हिंग-ओव्याचं वैद्यकीय मोल काढायला गेलं तर हाती फार लागणार नाही. प्रश्न असा आहे, की आधुनिक वैद्यकाच्या हाती तरी काय लागलं?

१९५४ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रडण्याला मोजपट्टी लावली. एरवी निरोगी असलेलं बाळ दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ रडत असेल, तर त्याला ‘कोलिक’ म्हणायचं. कारणाचा मागमूस व्याख्येत नाही, नुसतं मोजमाप. १९६२ मध्ये टी. बेरी ब्रेझल्टन यांनी ऐंशी आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून चढतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं, संध्याकाळी जास्त असतं आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत उतरतं. कालाहारी वाळवंटातल्या !कुंग सान लोकांची बाळं जवळजवळ दिवसभर आईच्या अंगाला बांधलेली असतात, तासाला अनेकदा पितात. त्यांच्याही रडण्याला हा चढ-उतार आहे. ती एकूण कमी वेळ रडतात, एवढाच फरक.

आणि वारा? रडताना बाळ हवा गिळतं, म्हणून पोटातला वायू अनेकदा रडण्याचं कारण नसून रडण्याचं फळ असतो. वायूचे बुडबुडे फोडणारे सिमेथिकोनचे थेंब चाचणीत नुसत्या साध्या थेंबांपेक्षा सरस ठरले नाहीत. पाजल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन, पाठ थोपटून ढेकर काढण्याची पद्धत तर जगभर आहे. चंडीगढच्या पीजीआय संस्थेतल्या संशोधकांनी ७१ आया आणि त्यांच्या बाळांवर ती तपासली. तीन महिन्यांत ढेकर काढलेल्या बाळांतला कोलिक कमी झाला नाही. दूध उलटून टाकणं मात्र वाढलं. बाळाला जास्त वेळ कडेवर घेतलं तर? माँट्रियालमध्ये उर्स हुन्झिकर आणि रोनाल्ड बार यांच्या १९८६ च्या अभ्यासात सुदृढ बाळांना रोज काही तास अधिक उचलून घेतल्यावर सहाव्या आठवड्यातलं रडणं ४३ टक्क्यांनी घटलं. आशा वाटावी असा आकडा. पण ज्यांना कोलिक आधीच जडला होता, अशा बाळांवर बार यांनी पुढे हाच प्रयोग केला आणि तिथे हा उपाय लागू पडला नाही.

म्हणजे शेवटी विज्ञानही रामदासांच्या त्या ओव्यांपाशी येऊन उभं राहतं. आत काय चाललंय, ते नक्की सांगता येत नाही.

न कळणं धोक्याचं असतं ते वेगळ्या कारणाने. न कळण्याची जागा सिद्धांताने भरली, तर हात थांबतो. विसाव्या शतकात बराच काळ अनेक मोठ्या रुग्णालयांत असा समज होता, की नवजात बाळाची मज्जासंस्था कच्ची असल्याने त्याला मोठ्यांसारखी वेदना होत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर पुरेशा भुलीशिवाय शस्त्रक्रिया होत. हालचाल थांबवणारं औषध दिलं की बाळ शांत दिसे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की वेदनाशामक भूल मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी असते. ज्या बाळाला बोलता येत नव्हतं, त्याच्या रक्तातली संप्रेरकं बोलली. काश्यपाच्या शिष्याचा प्रश्न पुन्हा एकदा विचारावा लागला होता आणि तोही विसाव्या शतकाच्या अखेरीस.

मज्झिम निकायात बुद्धाने मालुंक्यपुत्ताला सांगितलेला दृष्टान्त प्रसिद्ध आहे. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण मारणारा कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, धनुष्याची दोरी कशाची, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. एवढं कळेपर्यंत तो मरून जाईल. दोष कुणाचा, खातं कुणाचं, असं विचारत बसणाऱ्या सगळ्यांना हा दृष्टान्त लागू पडतो. पण रात्री दोनच्या खोलीत तोही अर्धाच पुरतो, कारण इथे काढायला बाणच सापडत नाही. बहुतेक वेळा हे दुखणं कुणी बरं करत नाही. ते तीन-चार महिन्यांत आपणहून ओसरतं. मग तोवर उचलून घेण्याला काय म्हणायचं? उपचार म्हणावं तर तो सिद्ध झालेला नाही. निरुपयोगी म्हणावं तर जगातल्या कुठल्याही घरात ते थांबलेलं नाही.

एक गोष्ट बाळाच्या शरीरात दिसते. जपानच्या रिकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पाहिलं, की आई बाळाला घेऊन चालू लागली की बाळाची हालचाल नि रडणं थांबतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. नुसतं कुशीत घेऊन बसल्याने तसं होत नाही. उंदरांची पिल्लंही आईने मानगुटीला धरून उचललं की अशीच निवांत होतात. २०२२ मध्ये याच गटाने सुचवलं, की रडणाऱ्या बाळाला पाच मिनिटं घेऊन चालावं, झोप लागल्यावर पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसावं आणि मगच खाली ठेवावं. येरझाऱ्या घालणाऱ्या आज्यांना घड्याळ दाखवायची गरज नव्हती, पण नव्या बापांना तो आकडा धीर देतो. नैयायिकाच्या प्रतिवाद्यालाही तो आवडला असता. कमळाला जसं ऊन, तसं बाळाला चालणं.

या धीराला काही अटी आहेत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, हिरवी उलटी झाली, शीत रक्त दिसलं, बाळ पीतच नसेल किंवा मलूल पडलं असेल, तर तो वारा समजून रात्र काढायची नाही, रुग्णालय गाठायचं. आणि उचलून घेणाऱ्याचाच तोल सुटू लागला, तर बाळाला सुरक्षित जागी उताणं निजवून खोलीबाहेर पाच मिनिटं उभं राहायचं. बाळाला गदागदा हलवलं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. रागाचा झटका चांगल्या माणसांनाही येतो, विशेषतः तीन रात्री झोप नसेल तर.

चौथ्या महिन्यात एके संध्याकाळी घर एकदम शांत होतं. रडणं गेलं कुठे, हे कुणी विचारत नाही. बाळाला त्यातलं काहीच आठवणार नाही. गर्भोपनिषदातला वायू जणू आणखी एकदा वाहून गेला. ज्याला दुखलं त्याच्याकडे त्या रात्रींची आठवण नाही, आणि ज्यांच्याकडे आठवण आहे त्यांना दुखलं कुठे ते अखेरपर्यंत कळलं नाही.

तीसेक वर्षांनी तेच बाळ स्वतःचं तान्हं खांद्यावर टाकून रात्री दोनला हॉलमध्ये येरझाऱ्या घालत असतं. आतल्या खोलीतून आई उठून येते. ‘तूही दीड महिन्याचा असताना अस्साच रडायचास,’ ती म्हणते. तो मान हलवतो. त्याला काही आठवत नाही. ती ओव्याची पुरचुंडी तव्यावर टाकायला स्वयंपाकघरात जाते आणि तो खिडकीपर्यंत जाऊन पुन्हा वळतो.